मागच्या वर्षीचं पुस्तक

त्या सकाळी ओटा पुसून झाला होता, धुणं वाळत घातलं होतं, यांच्या टेबलावरची धूळ झटकून मी चहाचं आधण ठेवणार, तोच दाराची बेल वाजली... सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, ग्रंथविक्रेते बंधू आणि समोर बसलेले सर्वजण, आधी तुम्हाला नमस्कार करायला हवा होता. बोलायची सवय नाही. मनात जे वर होतं ते आधी तोंडी आलं.

आज तुम्ही माझ्या यजमानांचा मरणोत्तर गौरव केलात. मानपत्रात ‘युवकांचा दीपस्तंभ’ म्हणालात. हे असते तर चष्मा पुसत खाली बघत बसले असते. दीपस्तंभ कसला, पुढच्या खोलीतलं एकट्याचं प्रकाशन ते. शाळा संपल्यावर काय शिकावं, कुठे शिकावं, हे सांगणारं पुस्तक दरवर्षी हेच लिहायचे, हेच छापून आणायचे, गठ्ठेही हेच बांधायचे. प्रुफं मी वाचायचे. माझी शाळा सातवीत सुटली. वाचायला खरी शिकले ती त्या प्रुफांवर.

नवी आवृत्ती आली की हे दुकानं फिरून जुन्या प्रती परत आणायचे. चौकातल्या दुकानाचे मालक इथे बसलेत. ते यांना म्हणायचे, सगळे प्रकाशक माल टाकायला येतात, तुम्ही एकटे उचलायला येता, हा धंदा आहे की जप्ती? हे म्हणायचे, शिळं अन्न खाल्लं तर माणूस एक दिवस आडवा होतो, शिळं पुस्तक वाचून पोराचं वर्ष जातं.

अध्यक्षांनी आत्ता जाहीर केलं, की पुस्तक बाजारात संपलंय, म्हणून शेवटची आवृत्ती यांचा फोटो घालून जशीच्या तशी पुन्हा काढायची. टाळ्या झाल्या. मला नाही वाजवता आल्या.

त्या सकाळी दारात एक आई आणि तिची मुलगी होती. साहेबांना भेटायचं म्हणाल्या. साहेब जाऊन वर्ष उलटलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीला चष्म्याची भिंगं घडवायला शिकायचं होतं. यांच्या पुस्तकात परगावची एक संस्था होती, प्रवेश जागेवरच मिळतो असंही लिहिलं होतं. दोघी सामानसुमान घेऊन पोचल्या, तर तो वर्गच बंद झालेला. परतेपर्यंत इथलेही प्रवेश संपले. भांडायला आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण यांचं कळल्यावर ती बाई माझंच सांत्वन करत बसली. उठताना एवढंच म्हणाली, “साहेबांनी लिहिलंय म्हटल्यावर आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही हो.”

आता कुणी म्हणेल, वहिनी, माहिती तुम्ही नवी करा. करून पाहिलं. हे प्रत्येक संस्थेला फोन करायचे, शंका आली तर स्वतः जाऊन बघून यायचे. माझ्याने ते होत नाही. मी दमलेय, आणि दमलेल्या माणसाने पोरांना वाटा दाखवू नयेत.

तेव्हा हात जोडून सांगते, पुस्तक छापू नका. छापलंत तर यांचं नाव पुन्हा दुकानाच्या काचेत दिसेल. मला ते नको असेल का? हे गेल्यावर भाजी आणायला मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने जात होते, त्या काचेसाठी. पण त्या नावाखाली लिहिलेलं आता खरं उरलेलं नाही. कुणाला लिहायचं असेल त्याने नवं लिहावं, स्वतःच्या नावावर.

तुम्ही आठवणीने बोलावलंत, मान दिलात, ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं. कौतुकाच्या कार्यक्रमात नको ते बोलून गेले असेन तर घरचीच बाई म्हणून पोटात घाला.

एकच सांगायचं राहिलं. पुस्तक खपून संपलेलं नाही. त्या मायलेकी येऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानं फिरले आणि उरलेल्या प्रती घरी आणल्या. चौकातल्या मालकांनी काचेतली एक प्रत तेवढी तशीच राहू दिली होती. म्हणाले, “वहिनी, एक राहू द्या. आठवण म्हणून.”

मी आत हात घालून तीही उचलली.