मधुपर्काची बाटली

"हॅलो?… हॅलो, कोण?… नलू! अवं मीच हाये, देवका. जोरात बोल, इकडे चक्की चालू हाये…"

फोन भैय्याजींच्या किराणा दुकानात, मिरच्यांच्या पोत्याशेजारी होता. सिंदी मेघ्यातल्या अर्ध्या आळीचं सुखदुःख त्याच्यातूनच यायचं. आर्वीहून धाकट्या बहिणीचा ट्रंक कॉल म्हटल्यावर देवकाबाई शेवयांच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या होत्या. नलूच्या गुलाबचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि गुलाब मॅट्रिकपर्यंत वाढली ती देवकामावशीच्याच घरी.

"हो, हो… बुधवारच्या एश्टीनं येतोच हाये ना मी… अवं, आयक ना आधी. मधुपर्काचा मध गाळून ठेवला. पातळ फडक्यातून, दोनदा. असा निघाला, का बाटलीतून पल्याडचं दिसते… काय?… नको आणू? काऊन?… फुटते कशी! लुगड्यात गुंडाळतो अन् मांडीवर घेऊन बसतो…

"काय म्हणतं?… कोंबड्या? कोणाच्या कोंबड्या?…

"अवं, शेजारच्या तानाबाईच्या कोंबड्यायकडे माह्या पेटीतल्या माश्या जातेत, हे मीच तर दाखवलं तुले! तू पत्रिका घेऊन आलती तवा… हो ना, मक्याचा भरडा अन् सरकीच्या ढेपेचा भुगा, त्याच्यात लोळतेत अन् पायाले पिठाचे गोळे लावून घरी येतेत. कोंबडा चोच मारते तरी हटत नाईत. तू तर पोट धरून हासली होती… हो, मीही हासली. मंग?…

"कोणाले विटाळ वाटते?… विहीणबाईले?… नवरदेवाच्या हातावर मध-दही, अन् माशी कोंबडीच्या ताटातली… असं म्हणते ते?… अवं पण त्या पिठाचा मध नाई होत, बाई. मध फुलाच्या रसाचा. पीठ लेकरायसाठी नेतेत. या उन्हात फुलं नाई राह्यले कुठं, मंग त्यायनं भरवाव काय पिल्लायले?… अन् भरवणाऱ्या तरी कोण, आया थोड्याच हायेत त्या. एकीनं अंडे द्यायचे अन् बाकी साऱ्यायनं मावशीवानी राबायचं… बरं, नाई सांगत. पण हा मध फागुनातला हाये, नलू. तवा करडी फुलावर होती, कोंबड्यायकडे ढुंकून नाई पाह्यलं त्यायनं…

"नाई, थांब. थांब जराशी. विहीणबाईनं तर परवा माणूस पाठवला होता… इथं, माह्या घरी. खोकल्याले मध पायजे म्हणून… अवं, तानाबाईनंच घर दाखवलं त्याले, कोंबड्या त्याच्या पायात घोटाळून राह्यल्या होत्या! बाटली घेऊन गेला. अन् वरून निरोप, लग्नाले येसान तवा आणखी एक आणजा म्हणून…

"मंग विटाळ कोणाले हाये, नलू?…

"हॅलो?… नलू?… हॅलो, लाइन गेली का? ऑपरेटरबाई, अवं पाहा ना जरा, आर्वीची लाइन तुटली का… काय?… चालू हाये?"

लाइन चालू होती. तुटली असती तर देवकाबाईंनी तारेला शिव्या घातल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या.

"हं… बोल. आयकतो… रूपरावच्या पोरीचं काय?… हो, तिच्या लग्नात माहाच मध होता… मालूम हाये ना मले, वर्षाच्या आत कुंकू गेलं तिचं. पण त्याले ट्रकनं उडवलं, नलू! ट्रकवाल्याले काय माह्या माश्या चावल्या होत्या?… नाई, मी ओरडून नाई राह्यली. भैय्याजी, तुमी साखर जोखा हो तुमची…

"हे पाह्य, त्या मुक्या कोंबड्यायवर नको ढकलू. पांढरं कपाळ म्हण सरळ… म्हण ना. रोज पाहतो आरशात, मले काई ते नवं नाई… मांडवात आली का मी कधी? हळदीले नाई, ओटीले नाई. साऱ्यायच्या लग्नात कोठीतच बसली. माहं बोट नाई लागत तिथं माह्या माश्यायचं लागत होतं, तेवढंच…

"लोकायचं सोड. लोक तानाबाईच्या हातचं पाणी नाई पेत, तिचे अंडे मात्र मागच्या दारानं नेतेत. तू काय म्हणतं ते सांग… हं… हो. आई हाये तू. भेव वाटते… मले नाई वाटत का तिच्यासाठी?…

"शेवया?… त्या आणू?… माह्या हातच्या शेवया चालतेत, नाई का!… नाई, कुठं काई म्हणून राह्यली मी. आणतो. कोठीची किल्लीही घेतो…"

रिसीव्हरवर पिठाची बोटं उमटली होती. देवकाबाईंनी ती पदरानं पुसली, तर आणखीच फासली गेली.

"कोण?… गुलाब! काय गं माय… जेवली मी. तू जेवली का?… आवाजाले काय झालं? काई नाई, चक्कीची धूळ… मध?… तुह्या आईनं काई सांगतलं नाई वाटते…"

देवकाबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे बांगड्या वाजत होत्या. नव्या असाव्यात, फार वाजत होत्या.

"नाई गं, यंदा नाई आणत मी मध… काऊन म्हणजे… आता काय सांगू तुले. माश्या बिघडल्या माह्या. तानाबाईच्या कोंबड्यायच्या पंगतीले जाऊन बसतेत… आईशप्पथ! भरड्यात लोळतेत अन् पायाले पीठ लावून घरी येतेत. असा मध नवरदेवाले कोणी देते का?… हास, हास. पोट धरून हास. अशीच हासत राह्य, माय… नाई गं, रडून नाई राह्यली, पीठ गेलं डोळ्यात… हो, येतो ना बुधवारी. कोठीतच हाये मी, भूक लागली का येजो… काय?… गुलाब?… हॅलो?… हॅलो?…"

या वेळी लाइन खरंच तुटली होती. तरी देवकाबाईंनी रिसीव्हर लगेच ठेवला नाही. भैय्याजी अजून तीच साखर जोखत होते.