वरची हिरवी पानं

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, जळगावच. धुळ्याहून ट्रंककॉल? द्या ना, जोडून द्या…

हॅलो! कोण, विहीणबाई? नमस्कार, नमस्कार! अहो, जरा मोठ्यानं बोला, कापसाच्या गठ्ठ्यातून बोलल्यासारखं ऐकू येतंय… हो, मीच, पुष्पाची आई… आमचे हे? जेवायला बसलेत. चोपड्याचे रुपचंदभाऊ आलेत, आमचा सुकदेव आहे, आत्ताच पानं मांडली… नातू ना? मस्त! गुटगुटीत झालाय. कमलच्या अंगावरच पितो अजून, सोडतच नाही आईला… नको नको, ह्यांना कशाला उठवायचं जेवणावरून? मला सांगा ना.

काय?

काय म्हणालात?

पुष्पा पडली?

अगं बाई! कधी?… काल दिवेलागणीला… ओट्यावरून? पोटावर तर नाही ना पडली? विहीणबाई, आधी तेवढं सांगा, पोटावर नाही ना?… कुशीवर. बरं. बरं… डॉक्टर येऊन गेले?… पोटात हालचाल आहे? नक्की?… देवा रे. अहो, सातवा लागलाय तिला… थांबा हं, बसते जरा. कमल, ते स्टूल दे गं… अगं इकडे! माझ्याकडे दे, भिंतीला काय देतेस?

हं, बोला. बसले मी.

पायरी दिसली नाही?… दिवा लावला होता, तरी?… अहो, तेच तर दुखणं! रातांधळेपणा. संक्रांतीला तुमच्याच डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं? पोटातलं पोर आईच्या अंगातलं सगळं ओढून घेतंय, तिला रोज ताजा हिरवा भाजीपाला द्या म्हणून? त्यासाठी तर मी टोपली पाठवली. मोटारवाल्या छगनच्या हातानं, सकाळच्या मोटारीनं… पोचली ना?… मग?

डॉक्टर काल पुन्हा रागावले? 'भाजी देता की नाही' असं विचारलं?… विचारणारच. तुम्ही काय सांगितलंत?… दिली म्हणून. मग झालं तर. कोबी कसा निघाला? लोटनभाऊंच्या मळ्यातला आहे. आपल्याकडे गोऱ्या साहेबाच्या बंगल्याशिवाय कोण लावत होतं हो कोबी, पण लोटनभाऊंनी लावला. वरची पानं कशी हिरवीगार होती, पाहिलीत ना?… काढून टाकली?… कुठे टाकली?

'बठ्ठा पाला म्हैसले टाकी दिना'?

विहीणबाई!

सगळा पाला म्हशीला? अहो, त्या हिरव्या पानांसाठी तर सगळा खटाटोप! आमच्या भगिनी मंडळात डॉक्टरीणबाईंनी टेबलावर गड्डा ठेवून दाखवलं. जेवढं हिरवं तेवढं डोळ्याला औषध, आतलं पांढरं पोट भरायला… हो, म्हैस दूध जास्त देणारच! तिला आता रात्रीचंही दिसायला लागलं असेल!

नाही, नाही… तुम्हाला नाही हो बोलले. माझी मेलीची जीभच अशी. मुलीची आई मी, मी कोण तुम्हाला बोलणार… रागावू नका. अहो, ऐका ना…

कमल, भाजी फिरव गं पुन्हा. रुपचंदभाऊ, घ्या ना, लाजू नका! कोबीच आहे, पोटाला हलका… आमच्याकडे रोज असतं हो विहीणबाई, कोबी नाहीतर मेथी, गाजराची कोशिंबीर, टमाटे. टमाट्याला आधी हे हात लावेनात, म्हणे लालभडक दिसतंय, मांस वाटतं. आता मागून घेतात. घरात शिस्त लावली की लागते.

बरं, पानं गेली तर गेली. गड्डे तर होते? सहा पाठवले होते मी… गच्चीवर? गच्चीवर काय करताहेत ते?

वाळत घातले?

कोबी?… चिरून, जुन्या लुगड्यावर पसरून… अहो, पण का?… आखाडात भाजी मिळत नाही म्हणून! विहीणबाई, मला का ठाऊक नाही? खानदेशातच जन्म गेला माझा. मीही वांग्याच्या काचऱ्या करते, गवार वाळवते, मेथी वाळवते. आपल्याकडे चार दाणे जास्त दिसले की हात गच्चीकडे वळतात. पण ही औषधाची भाजी ना! ऊन लागलं की त्यातलं सत्त्व उडून जातं. बाळ येणार चैत्रात, आणि भाजी खाणार आखाडात?

सगळे वाळवले?… एक ठेवला होता. बरं. मग त्याचं काय केलंत?… उकडला. आणि पाणी?… पिळून मोरीत. वास येतो म्हणून… हं… मग काळा मसाला, खोबरं, वर बोटभर तेल… छान झाली? होणारच. तेवढ्या तेलात केरसुणी परतली तरी छान लागेल!

हसताय? हसा बाई. माझा जीव इथे टांगणीला लागलाय.

काय हो दादा? वेळ झाली? अहो एक्स्चेंजवाले, तोडू नका, पोर पडलीय माझी! वाढवून द्या, आणखी वाढवून द्या…

हॅलो? आहात?… तर मग पुष्पानं किती खाल्ली?… अहो, किती म्हणजे, वाटीभर? अर्धी?… तसं नाही, मला सरळ सांगा. तिच्या ताटात काय होतं?… भाकरी. भाकरी आणि?… ठेचा.

आणि भाजी?

उरली नाही.

व्याह्यांनी घेतली… जावयांनी घेतली… तिच्या धाकट्या दिरानं, झुलालनं दोनदा घेतली… आणि तुम्ही दोघी नंतर बसलात. पातेलं पुसून.

म्हणजे आजारी ती, आणि औषध प्यालं सगळं घर! कमाल झाली, विहीणबाई, कमाल झाली. मी इथे लोटनभाऊंच्या मागे लागून गड्डे आणवते, मोटारवाल्याच्या हातापाया पडते, आणि माझी पोर ठेचा खाऊन ओट्यावरून पडते!… रीत आहे, हो. बायका मागून बसतात, पुरुष आधी. मला का रीत शिकवता? पण रीतीला डोळे असतात का? तिचे जाताहेत ना!

नाही, आता मी बोलणारच. मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. उद्यापासून चुलीवरून भाजी उतरली की पहिली वाटी पुष्पाची. व्याह्यांच्या आधी, जावयांच्या आधी. देवाच्या नैवेद्यानंतर तिचीच… काय होतं? आभाळ कोसळत नाही! मी व्याह्यांना स्वतः सांगते, द्या त्यांना फोनवर… बरं, राहू द्या. पण शब्द द्या मला. उद्या सकाळी दुसरी टोपली येते, बांधून ठेवलीय दाराशी. त्यातलं एक पानही…

अगं! काय पडलं?

कमल! तांब्या?… रुपचंदभाऊंच्या ताटात? सगळं पाणी! काय गं हे? डोक्यावर एवढा दिवा जळतोय, समोरचं ताट दिसत नाही तुला? परवा तुळशीपाशी अडखळलीस, काल दुधाचं भांडं… लक्ष कुठे असतं तुझं? रुपचंदभाऊ, माफ करा हं. दुसरं ताट वाढ त्यांना. चाचपडत काय बसलीस, उचल!

काही नाही हो, विहीणबाई. आमची सून. धांदरट आहे जरा. सकाळी पाहावं तर सुईत दोरा एका फटक्यात ओवते, आणि दिवे लागले की हिचं काय बिनसतं कोण जाणे…

हॅलो?

काय?… कमलचं काय?

तिनं भाजी कधी खाल्ली? म्हणजे काय विचारता हो? आमच्याकडे रोज होते भाजी, सांगितलं ना तुम्हाला. खातच असेल की… मी कशाला बघू तिच्या ताटात? मी बसते ह्यांचं झालं की, थोडं मला लागतंच. आणि ती माझ्या… ती माझ्या मागून…

हो.

हो, अंगावर पितो ना पोर.

थांबा जरा. ठेवू नका… कमल, ते कोबीचं पातेलं घेऊन ये. आहे तसं आण… अगं, तिकडे कुठे? मी इथे आहे, फोनपाशी. माझ्या आवाजाकडे ये… हं. दाखव.

नाही, विहीणबाई. काही नाही यात.

अहो, पुसलेलं आहे. चकचकीत.

मी आहे, आहे. काय बोलू? तुम्ही बोला, तुमचं बरोबर आहे. मीच तिला धांदरट म्हणतेय, आत्ता, तुमच्यासमोर… सगळ्या मंडळात मी शहाणी! गड्डा टेबलावर ठेवून दाखवला, तरी… विहीणबाई, ही कधीपासून अशी चालते हो? मला आठवत का नाही?

हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?… विहीणबाई?… एक्स्चेंज?…

तुटला.

सुकदेव, ऊठ. राहू दे ताट, ऊठ म्हणते ना! दाराशी पुष्पाची टोपली बांधलीय, तिची दोरी सोड. एक गड्डा काढ… जाईल, पुष्पालाही जाईल, बाकीचे जातील. आणि वरची पानं काढू नकोस. तशीच आण, मी चिरते… अहो, तुमचं तुम्ही वाढून घ्या आज. कमल, तू बस. इथे, पाटावर… बस गं, कोणी काही म्हणत नाही.

रडतेस कशाला? बघ माझ्याकडे.

तिकडे नाही, बाळा. या बाजूला. मी या बाजूला आहे.