फाळक्यावर 'बी.ए.' लिहिलेल्या ट्रेलरबाबत पुरवणी जबाब

नाव व पत्ता मूळ फिर्यादीत नोंदवल्याप्रमाणे. वय तेवीस वर्षे. शिक्षण बी.ए. व्यवसाय प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी वडिलांना रोपवाटिकेत मदत.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आमचा ट्रेलर चोरीस गेल्याची फिर्याद परवा मीच दिली होती. त्या फिर्यादीतले प्रत्येक वाक्य खरे आहे, पण ते पुरेसे नाही. "गैरसमज झाला, ट्रेलर मिळाला, तक्रार नाही, असं चार ओळींत लिहून मोकळे होऊ," असे हवालदारांनी मला सुचवले. मी नको म्हणाले. ट्रेलर नेल्यावरून येथे आणलेले माझे काका त्या चार ओळींनी आज सुटतील, पण ते चोर का नाहीत हे कुठेच लिहिलेले राहणार नाही. माझे बोलणे माझ्याच शब्दांत घ्यावे अशी मी विनंती केली व ती मान्य झाली.

सदर ट्रेलर लहान, दोन चाकांचा, जीपमागे जोडून ओढण्याचा आहे. त्यातून वडील कुंड्या, रोपे व मातीची पोती गिऱ्हाइकांच्या घरी पोचवतात. ट्रेलरचा सांगाडा माझ्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, त्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये बनवला. रंग वडिलांनी दिला. ओळखीची खूण अशी की मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल उतरवताना उघडायच्या पत्र्यावर, वेल्डिंगच्या मण्यांनी 'बी.ए.' ही अक्षरे उठवलेली आहेत. माझा निकाल लागला त्या दिवशी काकांनी ती कोणाला न विचारता उठवली. आमच्या घरात त्याआधी कोणी पदवीधर नव्हते. फिर्यादीच्या वेळी हवालदारांनी "ट्रेलर शिकलेला आहे का?" असे विचारले होते. तेव्हा मी उत्तर दिले नाही. आता देते. तो काकांच्या आनंदाने शिकलेला आहे.

भांडणाबाबत सांगते की, मागच्या महिन्यात मंडईजवळच्या खड्ड्यात चाक आपटून ट्रेलरची डावी कमान मोडली. कमान म्हणजे चाकावरचे हादरे झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. एकेका पट्टीला पाटा म्हणतात. मोडलेला पाटा सगळ्यात वरचा, मुख्य होता. वडील व मी ट्रेलर कसाबसा शेडवर नेला. काकांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "दादा, दोन्ही बाजूच्या बदलू. कमानी जोडीनंच बदलतात."

वडील म्हणाले, "उजवीला काय झालंय? धडधाकट आहे ती."

"दिसतीय धडधाकट. तुला रोपं कळतात, लोखंड नाही."

"तुला लोखंड एवढं कळतं, तर तू बनवलेलं मोडलं कसं?"

 वडिलांनी मोडकी कमान बांधून घेतली व ट्रेलर हळूहळू घरी आणला. डावीकडे नवी कमान त्यांनी स्वतःच बसवली. मी बोल्ट आवळायचे पाने देत होते. काम चांगले झाले. पण नवी बाजू उंच राहिली, जुनी दबलेली होती, त्यामुळे ट्रेलर उजवीकडे कलला. त्यावर वडिलांनी असा उपाय काढला की मातीची सगळी पोती डावीकडे रचायची व उजवीकडे हलक्या कुंड्या ठेवायच्या, म्हणजे ट्रेलर सरळ दिसतो. पोती उतरवली की तो पुन्हा कलत असे. शेजारचे लोक "आज बी.ए. कोणाच्या कानात सांगतोय?" असे विचारू लागले. वडील हसत नसत.

दोघा भावांचे बोलणे बंद झाले होते तरी निरोप चालू होते, व ते माझ्यामार्फत होते. "तुझ्या बापाला सांग, टायर एका बाजूनं झिजतोय." "तुझ्या काकाला सांग, टायर माझा आहे." काका एरवी वडिलांना 'दादा' म्हणतात. वडील काकांना 'बारक्या' म्हणतात, जरी काका त्यांच्यापेक्षा हातभर उंच आहेत. हे दोन्ही शब्द आमच्या घरात ऐकू येईनासे झाले.

मंडईचा रस्ता दुसरीकडून जवळ पडतो, तरी वडील रोज शेडसमोरूनच जीप नेत. शाळेपर्यंत मीही शेजारी बसलेली असे. काका वेल्डिंगची काच तोंडापुढे अर्धवट धरून दारात उभे राहात व ट्रेलर नजरेआड होईपर्यंत काच खाली घेत नसत. त्या वेळी वेल्डिंग चालू नसे.

परवा सकाळी मी अंगणात गेले तेव्हा ट्रेलर जागेवर नव्हता. तो रोज लोखंडी खांबाला साखळीने बांधून कुलूप लावलेला असतो. साखळी खांबावर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती. कुलूप तुटलेले नव्हते. ते उघडून साखळीच्या शेवटच्या कडीत पुन्हा लावून ठेवले होते. मी वडिलांना हाक मारली. त्यांनी साखळी पाहिली, कुलूप हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "येईल."

मी म्हणाले, "येईल म्हणजे? बाबा, तो काय चरायला गेलाय?"

ते म्हणाले, "चहा टाक."

मला वाटले की वडील खचले आहेत. आमच्या घरातले लोक अन्याय झाला की चहा टाकतात, हे मी लहानपणापासून पाहात आले आहे. वर्गात मी मुलांना सांगते की आपली तक्रार लेखी द्यावी. म्हणून मी वडिलांना न विचारता ठाण्यात आले व फिर्याद दिली. कोणावर संशय आहे का, असे विचारले असता नाही असे सांगितले, ते त्या वेळी खरे होते.

आज दुपारी चौकात वाहतुकीच्या हवालदारांनी एका टेम्पोमागे 'बी.ए.' लिहिलेला ट्रेलर पाहिला व टेम्पो थांबवला. चालवणारे माझे काका होते. ट्रेलर परत करायला निघालो आहे असे त्यांनी सांगितले, पण फिर्याद नोंद असल्याने त्यांना येथे आणण्यात आले. मला बोलावणे आले. वडील रोपांना पाणी घालत होते. ते तसेच ओल्या चपलांनी माझ्याबरोबर आले.

ठाणे अंमलदारांनी आम्हाला सांगितले की ट्रेलर मालकाच्या परवानगीशिवाय नेला असेल, तर काकांवर गुन्हा दाखल होईल व त्यांना आज घरी जाता येणार नाही.  काका बाकावर बसले होते. जागा दुसरी नसल्याने वडील त्याच बाकावर बसले. दोघांनी समोर पाहिले.

काका हवालदारांना म्हणाले, "साहेब, यांना विचारा, डाव्या कमानीचे यू-बोल्ट कोणी आवळले होते? हातानं फिरत होते."

वडील हवालदारांना म्हणाले, "साहेब, त्यांना सांगा, त्याच बोल्टांवर गाडी रोज पळत होती."

हवालदार म्हणाले, "अहो, एका बाकावर बसलाय तुम्ही. मला काय पोस्टमन समजलात?"

तेव्हा काकांनी पायाजवळची गोणपाटाची घडी उलगडली. आत उजव्या कमानीचा जुना पाटा होता. त्यावर मधल्या छिद्रापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर होती. काका म्हणाले, "साहेब, ही पोरगी जीपमध्ये पुढे बसते. उतारावर हा पाटा गेला असता, तर ट्रेलरनं जीप आडवी केली असती. मी रोज दारात उभा राहून हेच बघत होतो. सांगायला गेलो असतो तर ऐकलं असतं का यांनी? म्हणून नेला. दोन्ही कमानी नव्या घातल्यात."

वडिलांनी पाटा मांडीवर घेतला. चिरेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिले. नंतर अंमलदारांना म्हणाले, "विचारूनच नेलाय. मी हो म्हणालो होतो."

हे खरे नाही, हे मला माहीत होते. माझ्याशिवाय त्यांचा एकही निरोप गेलेला नव्हता. खोट्याखाली मी सही करू शकत नाही, व काकांना येथे ठेवूनही जाऊ शकत नाही. म्हणून मी अंमलदारांची परवानगी घेऊन वडिलांना सर्वांसमक्ष विचारले, "बाबा, काकांकडे कुलपाची किल्ली कशी?"

"कुलूप घेतलं तेव्हाच एक त्याला दिली."

"भांडणानंतर परत का नाही मागितली?"

"त्यात काय मागायचं?" ते पंख्याकडे बघत म्हणाले.

"कुलूप बदललं का नाही?"

"चांगलं चालतंय की."

मी सांगते की, ते कुलूप चांगले चालते कारण वडील त्यात तेल घालतात. भांडणाच्या काळातही घालत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सबब माझे म्हणणे असे की, काकांनी ट्रेलर विचारून नेला नाही, पण परवानगीशिवायही नेला नाही. परवानगी त्यांच्या खिशात होती व ती कोणीही काढून घेतली नव्हती. हे अंमलदारांनी दोनदा ऐकले व लिहून घ्यायला सांगितले.

त्यानंतर खात्री करण्यासाठी आम्ही सर्व जण आवारात गेलो. ट्रेलर सरळ उभा होता. वडिलांनी फाळक्यावर हात ठेवून तो दाबला. ट्रेलर दबला नाही. वडील म्हणाले, "साहेब, त्यांना विचारा, यातून रोपं न्यायचीत का दगड? किती पाटे घातलेत?"

काका म्हणाले, "मजबूत असावं म्हणून एक जास्त घातलाय."

"रिकामा उड्या मारेल हा. कुंड्या फुटतील."

काकांनी स्वतः फाळका दाबून पाहिला. मग म्हणाले, "उडेल खरा." हवालदारांनी "काय करायचं ते इथंच करा, फाटकाबाहेर न्यायचा नाही" अशी परवानगी दिली व ठाण्याचा जॅक दिला.

हा जबाब लिहिला जात असताना मी खिडकीजवळ बसले आहे. ट्रेलरखालून चार पाय बाहेर आलेले दिसतात. ओल्या चपला चाकाला टेकवून ठेवल्या आहेत. आत्ताच वडिलांचा आवाज आला, "बारक्या, पाना दे." त्यावर काका म्हणाले, "हात काढ आधी, दादा, चिमटेल." हे जबाबात घ्यावे अशी मी विनंती केली. याचा गुन्ह्याशी काय संबंध, असे हवालदारांनी विचारले. मी म्हणाले, फिर्यादीत गेलेल्या मालाची नोंद आहे, तर परत मिळालेल्या मालाचीही हवी. त्यांनी लिहून घेतले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. आवारातल्या ठोकाठोकीमुळे मधली काही वाक्ये ऐकू आली नाहीत, ती पुन्हा वाचून घेतली. जे सांगितले तेच लिहिले आहे, म्हणून सही करते. ट्रेलर ताब्यात मिळाल्याची सही वडील करतील. त्यांचे हात ग्रीसने भरलेले असल्याने त्याला थोडा वेळ लागेल.