सासूच्या तोंडातलं नाणं

ओस्तिया बंदरात स्नानगृहाच्या दाराशी बायकांची रांग होती. माझ्यापुढे पाववाल्याची बायको फाबुल्ला होती आणि तिची म्हातारी शेजारीण रुस्तिया.

“सासूचं सगळं नीट पार पडलं ना गं?”

“पडलं, मावशी. मेलेल्यांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याच्या भाड्यासाठी तोंडात नाणंही मीच ठेवलं.”

“मग तोंड का उतरलंय?”

“नाणं अगदी झिजलेलं होतं. त्यावर सम्राटाचा चेहराही दिसत नव्हता. मासळीवालीने दोनदा परत केलेलं. म्हटलं, नावाडी कुठे निरखून बघतोय.”

“घरात चांगलं नव्हतं?”

“गल्ला भरलेला होता. पण आदल्याच दिवशी माझी डाळ थुंकली होती तिने. तो राग होता.”

“जीभ तिखटच होती तिची.”

“आता वाटतं, नावाड्याने तिला काठावरच ठेवलं असेल.”

“लेकीने का नाही ठेवलं नाणं?”

“ती म्हणाली, आईने तुझंच नाव सांगितलंय. मला वाटलं, टाळतेय.”

“टाळत नव्हती गं. माझ्यासमोर बोलली होती तुझी सासू. म्हणाली, लेक घाईची आहे, सून बघून चांगलं नाणं ठेवील.”

दारावरच्या माणसाने पैशासाठी हात पुढे केला. फाबुल्ला रांग सोडून घराकडे निघाली.