दर दोन तासांनी थेंब

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरलीच्या डोळ्यात औषध घातलं होतं. शेजारी धाकटी तिचा फॉर्म भरत होती.

“एकटी राहतेस, ते आत्ता ठीक आहे गं. उद्या तुला दवाखान्यात कोण आणणार?”

“ताई, डोळे मिटून गप्प बस.”

“बोलायला डोळे लागत नाहीत. घरात माणूस हवं.”

“वीस वर्षं हेच ऐकतेय. सोबत कोण लिहू? भाऊजी येतायत?”

“त्यांना दवाखान्याचा वास सोसत नाही.”

“मुलं?”

“एकाची मीटिंग आहे. दुसऱ्याला मीच नको म्हटलं, उगाच वैतागतो.”

“म्हणजे माझंच नाव.”

“लिही. पण लग्न नाही झालं वगैरे लिहू नकोस.”

“तसा रकानाच नाहीये, ताई.”

“बघ, लगेच चिडतेस. एकटं राहून स्वभाव असा होतो.”

नर्स आली. “ऑपरेशननंतर आठवडाभर दर दोन तासांनी थेंब घालायचे. घरी कोण घालेल?”

“ही घालेल. मी हिच्याकडेच राहणार आहे.”

“आठवडाभर? मला कधी सांगितलंस?”

“आता सांगतेय ना. हिच्या घरी निवांत असतं हो सिस्टर. कुणीच नसतं.”