ओरुमेल म्हणजे उशिरा आलेले

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना आज आपण नाइलाजानं निरोप देतोय त्या आमच्या भाषाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या स्टुडिओतल्या मंडळींनो,

या स्टुडिओत मी वायरी गुंडाळायला आलो आणि मालक झालो. शिक्षण बेताचं, कान तेवढे तिखट. तेव्हा कानांनी ऐकलेलंच सांगतो.

आपल्या श्राव्यमालिकेतल्या जंगलातल्या एल्फ लोकांची अख्खी भाषा बाईंनी रचली. शिव्यांसकट! (हसू नका, त्या शिव्या आमच्या घरापर्यंत पोचल्यात.) पण हे लोक स्वतःला काय म्हणवतात? इथं बाई अडल्या त्या अडल्याच. मग एक दिवस चहा अर्धा टाकून धावत आल्या. "मालक, ओरुमेल! म्हणजे उशिरा आलेले."

मी म्हटलं, "अहो बाई, लेटलतीफ हे काय नाव झालं?"

"जंगलात आधी झाडं आली, मग पाखरं, जनावरं. हे सगळ्यांत शेवटी. म्हणून कुठंही बसण्याआधी विचारतात. सगळी गोष्ट त्यावर तर उभी आहे!"

आता आपले प्रमुख पाहुणे. यांची कंपनी मालिका विकत घेतेय, मोठ्या पडद्यावर नेतेय. अट एकच, या लोकांचं नाव बदलून 'सिल्वारा' करा, म्हणजे चकाकणारे. बाईंनी तोंडावर सांगितलं, "चकाकणारे लोक कुणाला विचारून बसत नाहीत, साहेब." साहेब म्हणाले, "तुम्ही तर निवृत्त होताय, कशाला जीव अडकवता?" बाईंनी शब्दांची वही मिटली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. करारावर सही आज, या समारंभानंतर; वकीलसाहेब कागद घेऊन पुढच्याच रांगेत बसलेत.

पण मंडळी, आत्ता साहेबांचं भाषण ऐकलंत ना? मी तर खुर्चीतून उडालोच! "माझी मुलगी जेवताना विचारते, बाबा, इथं बसू? मी ओरुमेल आहे ना!" कोण म्हणालं हे? साहेब! पुढं काय, तर "आपले ओरुमेल जगभर जातील." आणि सिल्वारा? नावालासुद्धा नाही! साहेब, तुमचं नाव तुमच्याच घरात शिरेना, बाईंचं मात्र पानावर येऊन बसलंय! बघा, लाजून हसतायत. मान हलवतायत! मोठ्यानं बोला साहेब, हा घ्या माइक.

"राहू दे. ओरुमेलच राहू दे."

ऐकलंत! बाई, रुमाल मागाहून, आधी टाळ्या घ्या!

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी भर सभेत दिलदारी दाखवली, दोघांचा ऋणी आहे. आनंदाच्या भरात जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आणि वकीलसाहेब, तेवढी ती अट खोडून टाका. आत्ताच, टाळ्या थांबायच्या आत!