दसऱ्याआधीचं भांडण

दौंडच्या स्टँडवर राहू गावाची एसटी उभी होती. आत बसलेली सीमा डोळे मिटणार, तोच पुढच्या बाकावरच्या दोघींचं सुरू झालं. एक म्हातारी, एक तरणी.

"सारिके, परवा दसरा, आन् विठाबाईचा झेंडू अजून रानातच हाय."

"तोडायला बाया न्हाई लावल्या, मावशी?"

"कवा लावल्यात तिनं? ग्रामसभेनं तंटामुक्तीची अध्यक्ष केली, तवापास्नं तिचा झेंडू भांडणारेच तोडत्यात. दोघांना एका सरीत घालायचं, आन् एकमेकांशी बोलल्याबिगर सोडायचं न्हाई."

"व्हय की! कोंबड्यापायी आपन दोघींनी अख्खी सरी तोडली."

"आता गावात भांडणच उरलं न्हाई. नुसतं मदतीला गेलं तर म्हनती, मला काय हात न्हाईत का?"

"मंग आपन भांडू की!"

"कशावरनं?"

"त्याच कोंबड्यावरनं. म्हनायचं, मावशीचा कोंबडा परत माझ्या मेथीत शिरला."

"परत म्हंजी? तवा तरी कुठं माझा व्हता त्यो?"

"मी तुरा बघितला व्हता, मावशी!"

"तुरा बघितला म्हनं! तुझ्या मेथीत व्हतं काय खायासारखं?"

"माझ्या मेथीला नाव ठेवायचं काम न्हाई!"

कंडक्टरनं डबल बेल मारली. दोघी तोंडं फिरवून बसल्या. गाडी गावाबाहेर पडली. शेवटी म्हातारी खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"उद्या सकाळीच चल विठाबाईकडं. न्यायच करून घेते मी."

"चला की. फुलांची पाटी माझी मी आनते."